मागच्या टेबलावरची मार्वा

मार्वा लिंडक्विस्टला पाहिलेले लोक लाखांनी असतील. तिचा आवाज ऐकलेला त्यांतला एकही नसेल.

पाणी शुद्ध करायची यंत्रं फोनवरून विकणाऱ्या एका कंपनीत तिघं मित्र नोकरीला आहेत, आणि काम कसं टाळावं हे एकच काम ते मन लावून करतात, अशी ती मालिका. पहिल्या सीझनला समीक्षकांनी नाकं मुरडली. लोकांनी मात्र डोक्यावर घेतली, कारण काम टाळायचं कोणाला नसतं? त्या तिघांच्या पाठीमागे, जांभळ्या स्वेटरमधली, चष्म्याला मण्यांची साखळी लावलेली, कायम फोनवर बोलणारी जी बाई दिसते, ती मार्वा. तिला नाव नाही, संवाद नाही. श्रेयनामावलीत तर नाहीच नाही. कचेरी भरलेली दिसावी म्हणून भाड्यानं आणलेल्या वीसेक माणसांतली ती एक.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सन व्हॅलीमध्ये एका जुन्या गोदामात ही कचेरी उभी केलेली होती. तिघं रिकामटेकडे दाखवायचे म्हणून दीडशे माणसं पहाटेपासून राबायची. त्या दीडशेंत मार्वाचं काम सगळ्यात सोपं. मेलेला फोन कानाला लावायचा आणि ओठ हलवायचे. आवाज अजिबात काढायचा नाही. पुढच्या तिघांचं बोलणं ध्वनिमुद्रित होत असतं. हसायचं तेही मुकाट, खुर्ची सरकवायची तर तिच्या पायांना मऊ फेल्टचे तुकडे लावलेले.

नुसते ओठ हलवायचे तरी काहीतरी म्हणावं लागतं. या धंद्यातली जुनी रीत म्हणजे ‘कलिंगड’. कलिंगड, कलिंगड, गाजर-मटार, पुन्हा कलिंगड. लांबून पाहणाऱ्याला माणूस गंभीर चर्चेत असल्यासारखा वाटतो. शेजारच्या टेबलावरचा बर्नी स्लोविक सहा सीझन कलिंगडावर काढून बसला होता. सत्तरीचा माणूस, जन्मभर व्हॅन नाइसमध्ये बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांना बूट चढवले, निवृत्तीनंतर इथे आला.

मार्वानंही पहिला सीझन कलिंगडावरच काढला. मग तिची बहीण आर्डिस गेली.

आर्डिस तिकडे मिनेसोटात, दुलुथला राहायची. दर रविवारी दोघींचा फोन. हवापाण्याचं दोन मिनिटं, की पुढे तासभर लोकांची उणीदुणी. मार्वानं विम्याच्या कंपनीत पंचवीसेक वर्षं फोनवर नोकरी केली होती. तिथला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित व्हायचा. शिव्या देणाऱ्यालाही ‘आपला दिवस चांगला जावो’ म्हणायचं. असं करत करत बाईच्या तोंडाला इतकी साखर चिकटली, की शेजारीपाजारी, चर्चमधले लोक, सगळे म्हणायचे, मार्वाच्या तोंडून कधी कोणाबद्दल वाकडा शब्द निघायचा नाही. निघायचा. रविवारी, दुलुथला.

नवरा वॉल्ट आधीच गेलेला. आता आर्डिसही गेली. साठलेलं ओतायचं कुठे? दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच दिवशी तिनं मेलेला फोन कानाला लावला, कलिंगड म्हणायला तोंड उघडलं, आणि ओठांवर आपसूक आलं, “आर्डिस, ऐक तरी काय झालं ते.”

तेव्हापासून रोजचा रिवाज झाला. गुडघा, शेजाऱ्याचा कुत्रा, चर्चमधल्या बाईचा नवा केसांचा टोप. आणि अर्थातच सून.

मजा अशी की या चुगल्यांनी तिची बढती झाली. माणसांना कुठे बसवायचं, कोणी कुठून चालत जायचं हे बघायला टॅमसिन नावाची सहायक दिग्दर्शिका होती. चौतिशीची, कायम धावत, कमरेला वॉकीटॉकी. ती एकदा थांबून म्हणाली, “मार्वा, तुम्ही काय करता नक्की? तुमचं बोलणं खरं वाटतं. बाकीचे मासे दिसतात.”

“सराव आहे,” मार्वा म्हणाली.

“एक टेबल पुढे या.”

दर सीझनला एकेक टेबल पुढे येत सहाव्या सीझनला मार्वा थेट मुख्य नटाच्या खांद्यामागे येऊन बसली. कॅमेरा त्याच्या तोंडावर आला, की मागे तीही स्वच्छ दिसायची.

“बघ हं,” बर्नी म्हणायचा, “पुढच्या वर्षी त्याच्या मांडीवर बसवतील तुला.”

“तू कलिंगड खात बस.”

सुनेचं नाव नोएमी. मार्वाचा एकुलता एक मुलगा कर्ट, त्याची बायको. लग्नाला चार वर्षं झालेली. पकोइमामध्ये एका वर्कशॉपमध्ये ती होड्यांच्या आणि जुन्या गाड्यांच्या सीटा शिवते. जाड चामडं वाकवून वाकवून हात असे झालेले की डब्याचं घट्ट झाकण उघडायला कर्ट तिच्याकडे देतो. नोएमीला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्ट तिच्यासाठी खुणांची भाषा शिकला, इतकी छान शिकला की झोपेतही हात हलवतो. मार्वा ‘नमस्कार’, ‘थँक यू’ आणि ‘कॉफी’ शिकली आणि थांबली. बाकीचं ती कर्टला सांगायची आणि कर्ट नोएमीला. तेही कर्टकडे तोंड करून, हनुवटी खाली, अर्धे शब्द दातांत. सुनेला सासूचं फक्त कानशील दिसायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं जेवायला आली होती. मार्वानं भाजलेलं गोमांस, बटाटे, गाजरं केली होती. नोएमीनं येताना साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, आणला होता, नेहमीसारखाच लिंबानं आंबटढाण. जेवण झाल्यावर कर्टनं सहाव्या सीझनचा नवा भाग लावला. घरातल्या या तिघांचा तो रविवारचा कार्यक्रमच होता. नोएमी टीव्हीजवळ गालिच्यावर बसायची, खाली उमटणारे शब्द वाचायची आणि कचेरीतल्या त्या तिघांना मोठ्यानं हसायची. नोएमीला सहावा महिना लागला होता. पोटामुळे ती मागे हात टेकून बसली होती.

भागात तसं विशेष काही नव्हतं. साहेबापासून लपायला तिघं छपाईयंत्राच्या खोक्यात शिरतात, असलं काहीतरी. मधेच मुख्य नटाचं तोंड पडदाभर आलं. त्याच्या खांद्यावरून जांभळा स्वेटर.

नोएमीचं हसू थांबलं. तिनं रिमोट घेतला, भाग मागे नेला, पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला. कर्टनं तिच्या खांद्याला हात लावून खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर रिमोट सोफ्यावर नीट ठेवला, बूट चढवले आणि बाहेर त्यांच्या पिकअप गाडीत जाऊन बसली.

कर्ट मागोमाग धावला. मार्वा खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावरच्या दिव्याखाली सुनेचे हात भराभर चाललेले दिसत होते. काय चाललंय ते सगळं दिसत होतं आणि कळत मात्र काही नव्हतं.

कर्ट परत आला तो दारातच उभा राहिला.

“मॉम, तू फोनवर काय बोलत होतीस?”

“कुठल्या फोनवर?”

“टीव्हीतल्या.”

“त्यात काय बोलायचं? कलिंगड म्हणतो आम्ही. सगळेच म्हणतात. बर्नीला विचार.”

“कलिंगड.”

“हो. आणि गाजर-मटार.”

“मग त्यात आर्डिस मावशी कुठून आली?”

मार्वानं टेबलावरचा रुमाल उचलला आणि त्याची घडी घालायला लागली. भिंतीला कान असतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती पाच वर्षं आवाज न काढता बोलली. ओठांवरचं वाचणारी तिच्याच टीव्हीपुढे, तिच्याच गालिच्यावर दर रविवारी बसत होती, हे त्या शहाण्या बाईच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

“‘पोर होणार आहे,’” कर्ट सावकाश म्हणाला. पाठ केल्यासारखं. “‘देवाकडे एकच मागते. ते तिच्यावर जाऊ नये. घरात एक पुरे.’ असं म्हणालीस का तू?”

ऑक्टोबरात म्हणाली होती. त्यांनी गोड बातमी सांगितली त्याच आठवड्यात.

“म्हणालीस का, मॉम?”

“मी आर्डिसशी बोलत होते.”

“आर्डिस मावशी मेली आहे. माझी बायको जिवंत आहे.” त्यानं जॅकेट उचललं. “ती म्हणते, बाळंतपणाला तू यायचं नाहीस. नंतर आम्ही रिव्हरसाइडला तिच्या आईकडे राहायला जाऊ. आणि बाळाला तुझ्याकडे...” त्यानं जॅकेट अंगात चढवलं. “सध्या नाही, म्हणते.”

“सध्या म्हणजे किती?”

“मला नाही माहीत. मी तिला विचारणारही नाही.”

पिकअप गेली. मार्वानं भांडी घासली, साल्साचं झाकण लावलं. मग खुर्चीवर बसून तो भाग आवाज बंद करून पुन्हा पाहिला. स्वतःचे ओठ पाहिले. आता ठाऊक होतं, म्हणून तिलाही वाचता आले. घरात एक पुरे. पोराच्या आधी त्याच्या आजीचं मन जगजाहीर झालं होतं, आणि ते असं निघालं होतं.

सीझनचे शेवटचे काही भाग अजून चित्रित व्हायचे होते. दोन दिवस विचार करून मार्वाला एक युक्ती सुचली. जिथे घाण झाली तिथेच ती धुवायची. कॅमेऱ्यासमोर, त्याच फोनवर, तिनं नोएमीची माफी मागायची. नोएमी मालिका पाहणं सोडणार नाही, तिला ती फार आवडते. पाहील आणि वाचेल. बुधवारी तिनं टॅमसिनला मुद्दाम विचारलं, “आज माझं तोंड नीट दिसेल ना?”

“तुमचंच तर दिसतं. बसा.”

प्रसंग होता तो असा: साहेब कचेरीत येतो, तिघं टेबलाखाली. मार्वानं फोन उचलला. ‘नोएमी,’ ती ओठांनी म्हणाली, ‘मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला क्षमा कर.’ म्हणता म्हणता डोळे भरून आले, आणि तिला वाटलं, येऊ देत, खरेच आहेत.

“कट!” अंधारातून दिग्दर्शक ओरडला. “त्या जांभळ्या स्वेटरवाल्या आजी रडतायत का? पाण्याचं यंत्र विकताना कोण रडतं?”

टेबलाखालचे तिघं नट फिदीफिदी हसले. टॅमसिन वाकून कानाशी आली. “मार्वा, बऱ्या आहात ना? मग जरा मोठी ऑर्डर मिळाल्यासारखं करा बघू. आनंदी.”

दुसऱ्या वेळेला मार्वानं आनंदी चेहऱ्यानं माफी मागितली. दात दाखवून, मान डोलावत. ‘मला क्षमा कर,’ आणि हसू. वाक्य अर्ध्यावर असताना तिला स्वतःचीच शिसारी आली. पण कॅमेरा चालू होता, म्हणून हसू ओठांवर तसंच ठेवावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं बर्नीला सगळं सांगितलं. बर्नी सूप पीत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं चमचा ठेवला.

“म्हणजे पाच वर्षं तू माझ्या कानाशी बसून खरं बोलत होतीस? मला सांगायचंस तरी. माझा वेळ बरा गेला असता.”

“बर्नी, थट्टा नको.”

“बरं. हा भाग कधी लागणार?”

“एप्रिलात.”

“बाळ कधी?”

“मेमध्ये.”

“म्हणजे तोवर त्या पोरीनं काय करायचं? टीव्हीसमोर वाट बघत बसायचं, सासूबाईंना कॅमेऱ्यात जागा मिळते का? आणि संकलकानं नेमकं तेवढं कापलं तर?” तो टेबलावर पुढे झुकला. “मी चाळीस वर्षं बूट विकले. माप घ्यायचं तर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावं लागतं, मार्वा. रस्त्यापलीकडून ओरडून माप घेता येत नाही.”

“ती मला दारात उभी करणार नाही.”

“नाही करणार. मग दाराबाहेर उभी राहा. तुला चित्रीकरणाचा परवाना लागतो की काय त्याला?”

सुट्टीनंतर तोच प्रसंग पुन्हा झाला, आणि मार्वानं फोन उचलून कलिंगड म्हटलं. नुसतं कलिंगड. दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही. तिचा चेहरा इतका मुर्दाड दिसायला लागला की टॅमसिननं तिला दोन टेबलं मागे नेलं.

“ये, ये,” बर्नी म्हणाला. “गाजर-मटारही आहेत.”

पकोइमातलं ते वर्कशॉप म्हणजे पुढून उघडी शेड. आत होड्यांच्या सीटांचे सांगाडे, चामड्याच्या आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या, डिंकाचा उग्र वास. मार्वा कर्टला न सांगता गेली. नोएमी शिवणाच्या यंत्रावर होती. सावली हलली तशी तिनं मान वर केली. उठली नाही. यंत्रावरचा पायही काढला नाही. शिवण संपेपर्यंत शिवत राहिली, दोरा तोडला आणि मग वळली.

मार्वानं बोलायला सुरुवात केली. नेहमीसारखीच. मान खाली, हात तोंडाशी, शब्द बोटांत अडकलेले. नोएमीनं हात वर करून तिला थांबवलं. एक स्टूल ओढून कामाच्या टेबलासमोर ठेवलं, मार्वाला खांद्याला धरून त्यावर बसवलं आणि टेबलावरचा लांब मानेचा दिवा वळवून तिच्या तोंडावर पाडला. तिचा हात तोंडावरून काढून मांडीवर ठेवला. मग काळ्या रेक्झिनचा एक तुकडा पुढे ओढून, चामड्यावर खुणा करायच्या खडूनं लिहिलं.

‘तिथे बोलतेस तसं बोल.’

मार्वानं दिव्यात डोळे बारीक केले. “मी बोलले ते फार वाईट होतं.” ओठ नीट उघडून, एकेक शब्द.

‘खोटं होतं?’

खोटं होतं म्हणणं किती सोपं होतं. पंचवीस वर्षं त्याचाच पगार घेतला होता तिनं.

“नाही,” मार्वा म्हणाली. “तेव्हा मला तसंच वाटत होतं. मला भीती वाटत होती.”

‘कसली?’

“त्याच्याशी मला बोलता येणार नाही याची. तुझ्याशी येत नाही, तसं.”

नोएमीनं मनगटानं खडू पुसला आणि जोरानं लिहिलं. ‘चार वर्षं. तीन खुणा. एक कॉफीची.’

शेडच्या कोपऱ्यात मालक सीटला पिना ठोकत होता. त्यानं एकदा इकडे पाहिलं आणि पुन्हा ठोकायला लागला.

‘मी दुसऱ्या सीझनपासून वाचते,’ नोएमीनं लिहिलं. ‘सगळं नाही. मान वळली की जातं. पण पुष्कळ.’

मार्वाला आधी कळलंच नाही. मग कळलं. “सगळं? म्हणजे... गुडघ्याचं?”

‘गुडघा. कुत्रा. केसांचा टोप.’ नोएमीनं ओळ पुसली. ‘मी गालिच्यावर बूट घालून येते ते. मी मोठ्यानं हसते ते. मी तुझ्या तोंडाकडे बघते, दातांत काही अडकल्यासारखं.’

“अगं बाई,” मार्वा म्हणाली. कान लाल झाले तिचे. “आणि लिंबू?”

नोएमीचा खडू क्षणभर थांबला. ‘तू लिंबाबद्दल बोललीस तेव्हापासून मी मुद्दाम दुप्पट पिळते.’

चार वर्षं मार्वा तो साल्सा दात आंबवून घेत, ‘छान झालाय’ म्हणत खात आली होती. मार्वाला हसू फुटलं, आवरेना. नोएमीलाही फुटलं, तिचं ते मोठं, मोकळं हसू शेडभर घुमलं आणि मालकाचा हातोडा थांबला. पण हसू ओसरल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उरलं ते मऊ नव्हतं.

‘ती टीव्हीतली बाई मला आवडायची,’ तिनं लिहिलं. ‘घरातलीपेक्षा. ती खरं बोलायची. माझ्याबद्दल वाईट बोलायची तरी मला वाटायचं, एक दिवस माझ्याशी बोलेल. मग तिनं माझ्या बाळाबद्दल बोलून दाखवलं.’

“मी शिकेन,” मार्वा म्हणाली. “तू शिकव मला.”

नोएमीनं मान हलवली. नाही. ‘तुला शिकवणं माझं काम नाही. व्हॅन नाइसच्या लायब्ररीत मंगळवारी संध्याकाळी वर्ग असतो. शिकून ये. मग बघू.’

“मग काय बघू?”

खडू तिनं खाली ठेवला होता. तो तिनं पुन्हा उचलला नाही. यंत्राकडे वळली, पाय दाबला.

मंगळवारी चित्रीकरण असायचं, आणि भाड्याच्या माणसाला मधेच उठून जाता येत नाही. सकाळी जो जांभळा स्वेटर खुर्चीत बसला तो रात्रीपर्यंत त्याच खुर्चीत दिसायला हवा, नाहीतर पडद्यावर बाई गायब. मार्वानं टॅमसिनला सांगितलं, यापुढे मंगळवारी येणार नाही.

“मार्वा, शेवटचे चारच भाग राहिलेत! सीझन संपल्यावर करा ना काय करायचं ते.”

“मूल काही सीझन संपायची वाट बघणार नाही.”

टॅमसिननं वॉकीटॉकी कानापासून दूर धरला. “तुमचं?”

“नातवंड माझं. मूर्ख.”

“मी खुर्ची धरून ठेवू शकणार नाही हं तुमची. वाईट वाटतं मला, पण नाही ठेवू शकणार.”

“ठेवू नकोस.”

स्वेटर कपडेवाल्यांचा होता. पुढच्या मंगळवारी तो दुसऱ्या एका बाईच्या अंगावर चढला, साखळीचा चष्माही. ते भाग नंतर टीव्हीवर लागले तेव्हा फरक कोणाच्याही लक्षात आला नाही. बर्नीनं मात्र फोन करून सांगितलं, “नवी आहे ती नुसतं ‘बीट’ म्हणते. मला करमत नाही.”

लायब्ररीच्या तळघरातल्या वर्गात मार्वा सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत ढ. बोटांत संधिवात, अक्षरं जुळवताना अंगठा भलत्याच ठिकाणी जायचा. शिकवणारे गृहस्थ स्वतः ठार बहिरे आणि विलक्षण कडक. चुकलं की टेबलावर तळहात आपटून भुवया उंचावायचे. ते भुवयांचंच तिला अवघड जात होतं. हो-नाहीचा प्रश्न विचारायचा तर भुवया वर, ‘कुठे’ विचारायचं तर खाली. जन्मभर फोनवर नुसत्या आवाजानं पगार मिळवला त्या बाईला आता चेहऱ्यानं व्याकरण करायचं होतं. घरी आरशासमोर उभी राहून ती भुवया हलवायची. पकोइमाकडून निरोप नाही. कर्ट रविवारी एकटाच यायचा, जेवायचा, आणि त्यांच्या सामानाची खोकी रिव्हरसाइडला चाललीत की नाही ते काही बोलायचा नाही. तीही विचारायची नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळीच कर्टचा फोन आला. मुलगी झाली होती. इनेझ.

“नोएमी म्हणते, ये.” मग तो अडखळला. “पण एक अट आहे.”

“बोल.”

“तुझ्यासाठी मी दुभाषी व्हायचं नाही. तू आलीस की मी खोलीबाहेर जायचं, म्हणते. कॉफी प्यायला.”

हॉस्पिटलच्या खोलीत कर्टनं आईला मिठी मारली आणि खरोखरच निघून गेला. नोएमी उशांना टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, केस कपाळाला चिकटलेले. मांडीवर गुंडाळीत नात. तिनं मार्वाला खुर्ची दाखवली. मुलीकडे हात करायची हिंमत मार्वाला झाली नाही. तिनं विचारलं, भुवया वर करून, चूक न करता: तू जेवलीस का? नोएमीनं मान डोलावली. पुढचं वाक्य मार्वा मनात जुळवत होती, तेवढ्यात दार उघडलं.

नव्या बाळांचे कान तपासणारा तरुण होता. छोटं यंत्र ढकलत आला. तोंडाला मास्क. हॉस्पिटलचा दुभाषी दुपारनंतर येणार होता, पण त्याला घाई होती. बाळ झोपलेलं असतानाच तपासणी बरी होते, म्हणाला. अर्थात मार्वाला म्हणाला. नोएमीनं खूण केली, कर. त्यानं इवल्याशा कानांना नळ्या लावल्या, बाळाच्या कपाळावर तारा चिकटवल्या आणि यंत्राकडे पाहत बसला. नोएमी यंत्राकडे पाहत नव्हती. ती सासूच्या चेहऱ्याकडे पाहत होती, डोळ्याची पापणीही न लववता.

“डावा कान ठीक आला,” तो तरुण शेवटी म्हणाला, पुन्हा मार्वालाच. “उजव्याचं उत्तर आलं नाही. घाबरू नका. पुष्कळदा कानात पाणी राहिलेलं असतं. दोन आठवड्यांनी पुन्हा करू. एवढं सांगाल का तुम्ही त्यांना?”

मार्वाला त्याला ‘तिलाच सांग, मास्क काढून सांग’ म्हणायचं होतं. पण नोएमीचे डोळे तिच्यावर खिळले होते, आणि कर्ट खाली कॉफी पीत होता. तिनं हात वर केले.

डावा कान. चांगला. उजवा. इथे ती अडली. ‘उत्तर आलं नाही’ हे वर्गात झालेलंच नव्हतं. उजवा, माहीत नाही, तिनं केलं. कदाचित. मग ‘पाणी’, तीन बोटं हनुवटीला. पाणी आत. मग आठवडा. आठवडा कसा करतात? तळहातावरून बोट सरकवायचं. कुठल्या बाजूनं? तिनं एकदा उलट सरकवलं, जीभ दातांत धरली, पुन्हा सरकवलं, आणि ‘दोन’ कुठे बसवायचं ते न कळून ते नुसतं ओठांनी म्हटलं. पुन्हा तपासणी, हे राहिलंच. कपाळावर घाम आला होता. ऑक्टोबरात आर्डिसला सांगितलेली भीती त्या खोलीत कुठेतरी असेलही, पण मार्वाला त्या भीतीकडे बघायला सवड नव्हती. आठवड्याची खूण सापडत नव्हती.

नोएमी पुढे झुकली. मार्वाचा हात धरून तिनं दुसरं बोट उघडलं, दोन बोटं तळहातावरून पुढे सरकवली. दोन आठवडे.

“दोन,” मार्वा मोठ्यानं म्हणाली. “हो, दोन.”

तरुण यंत्र ढकलत निघून गेला. नोएमीला आता पुष्कळ काही विचारायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं: तो नेमकं काय म्हणाला, मास्कमागे हसत होता का, पाणी म्हणजे कसलं पाणी. एका हातानं तिनं सुरुवात केली, पण एका हातानं काही होईना. बाळ मधे येत होतं. तिनं वैतागून सुस्कारा टाकला, गुंडाळी उचलली आणि सरळ मार्वाच्या कुशीत ठेवली. डोकं नीट धरलंय ना, एवढं पाहिलं. मग दोन्ही मोकळे हात वर करून बोलायला लागली, भरभर, कर्टशी बोलते तशी.

मार्वाला त्यातलं निम्मं कळलं. उत्तर द्यायला तिच्याकडे हात नव्हते. ती बाळाला धरून, डोळे सुनेवर ठेवून, ऐकत राहिली.